गवंड्याची परीक्षा साइटवरच घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दहावीचा निकाल लागला की दरवर्षी पेपरात आयटीआयच्या प्रवेशाच्या बातम्या येतात, कुठल्या ट्रेडला किती मागणी, कुठल्या जागा भरल्या. इलेक्ट्रिशियन, फिटर, मेकॅनिक हीच नावं वर असतात आणि बांधकामाचे ट्रेड कुठंतरी खाली असतात नाहीतर बातमीत नसतातच. मी कराडचा एक लहान ठेकेदार आहे. बंगले, रो-हाऊस, कधी शाळेच्या खोल्या, कधी ग्रामपंचायतीचं एखादं काम असं करतो. वडील गवंडी होते, मी स्वतः बिगारी म्हणून घमेली उचलली, मग थापी हातात आली, मग अंगावर कामं घ्यायला लागलो, त्यामुळं या विषयावर बरेच दिवस लिहायचं मनात होतं.

माझं म्हणणं सरळ आहे. आज जो गवंडी, जो सळई बांधणारा, जो सेंट्रिंगवाला, म्हणजे काँक्रिटचा साचा उभा करणारा, कामावर आहे त्याची खरीखुरी परीक्षा त्याच्या कामाच्या जागेवर घ्या, तेवढ्या दिवसांची हाजरी, म्हणजे रोजची मजुरी, बांधकाम कामगार मंडळाच्या पैशातनं द्या, आणि पास होईल त्याला सरकारी कामात जागा ठेवा. हे होत नाही तोपर्यंत नवीन कोर्स कितीही काढा, आमच्या धंद्यात काही फरक पडणार नाही असं मला वाटतं, आणि का वाटतं ते सविस्तर सांगतो.

आज कराडात बंगला बांधायचा तर नकाशावर आर्किटेक्टची नाहीतर इंजिनिअरची सही लागते, स्ट्रक्चरल इंजिनिअरची लागते. २०२० ची जी नवीन बांधकाम नियमावली मुंबईसारखे काही भाग सोडून राज्यभर लागू झाली त्यात कोण किती शिकलेला असला म्हणजे कुठल्या कागदावर सही करू शकतो हे सगळं लिहिलेलं आहे, अगदी सुपरवायझरपर्यंत. घरातली वायरिंग करायची तर परवानाधारक कॉन्ट्रॅक्टर लागतो, वायरमनकडं परमिट लागतं, टेस्ट रिपोर्ट दिल्याशिवाय महावितरण मीटर देत नाही. हे चांगलंच आहे, विजेशी खेळ नको. पण ज्याच्या हातानं कॉलम उभा राहतो, ज्याच्या हातानं स्लॅबची सळई बांधली जाते, त्याला कोणी विचारत नाही की बाबा तू हे कुठं शिकलास. सुपरवायझरपाशी येऊन कागद संपतो आणि खरं काम तर त्याच्या खालीच सुरू होतं.

आता कॉलमच्या रिंगचंच घ्या, उभ्या सळयांना बाहेरनं धरून ठेवणारी आठ एमएमची साधी रिंग. ती वाकवताना तिची दोन्ही टोकं आतल्या बाजूला १३५ अंशात, म्हणजे काटकोनाच्याही पुढं तिरकी, वळवायची असतात आणि टोक आत काँक्रिटमध्ये अडीच-तीन इंच तरी जायला पाहिजे. भूकंपाच्या दृष्टीनं बांधकाम कसं करायचं त्याचा जो आयएस १३९२० म्हणून कोड आहे त्यात हे स्पष्ट दिलंय. पण आमच्याकडं बहुतेक साइटवर टोकं काटकोनात वळवतात, कारण ते पटकन होतं, सळईत घालायला सोपं जातं आणि बापापासून तसंच बघितलेलं असतं. एरवी उभ्या घरात काही कळत नाही. पण जमीन हलली की कॉलमचं वरचं कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रिटचा थर, आधी फुटतो आणि तो फुटला की काटकोनातलं टोक उघडतं, रिंग सैल होते, मग उभ्या सळया बाहेर फुगतात आणि कॉलम बसतो. तिरकं वळवलेलं टोक आतल्या काँक्रिटला धरून राहतं. फरक एवढाच, आणि तो वाकवणाऱ्याला माहीत पाहिजे. नकाशावर इंजिनिअरनं काढलेलं असतं हो, पण नकाशा वाचायला त्या पोराला कोणी शिकवलेलं नसतं.

आणि हे मी कराडात बसून लिहितोय. इथनं कोयनानगर काही लांब नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप आमच्या घरातली म्हातारी माणसं अजून सांगतात, पाटण तालुक्यातली गावंच्या गावं बसली, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. तेव्हाची घरं दगडमातीची होती म्हणून पडली असं आपण म्हणतो, आणि आता सगळी आरसीसी झाली म्हणून निश्चिंत राहतो. पण आरसीसी नुसतं नावानं होत नाही. चुकीच्या रिंगा आणि पातळ काँक्रिट असलेली तीन मजली बिल्डिंग जुन्या दगडी घरापेक्षा जास्त माणसं दाबेल. ज्या भागात आजही अधूनमधून कोयनेचे धक्के बसतात तिथं तरी सळईवाल्याची परीक्षा व्हायला नको का?

पाण्याचं पण तसंच. सिमेंटची गोणी ५० किलोची. एम-२० काँक्रिटला सिमेंटच्या वजनाच्या ०.५५ पट पाणी ही वरची मर्यादा धरली तर गोणीला साडेसत्तावीस लिटर होतं, आणि त्यात वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणी पण मोजायचं. साइटवर रंगाच्या वीस लिटरच्या बादल्या असतात, म्हणजे गोणीला दीड बादलीसुद्धा होत नाही. प्रत्यक्षात मिक्सरवर उभा असलेला गडी अंदाजानं ओततो, क्रश सँड, म्हणजे दगड चुरून केलेली वाळू, आल्यापासून तर जास्तच, कारण माल जड वाटतो, सरकत नाही, वरनं स्लॅबवरचे ओरडतात पातळ सोड पातळ सोड. व्हायब्रेटर मारायचा कंटाळा म्हणून पाणी वाढवायचं. नंतर स्लॅबला पाणी किती दिवस मारायचं, तर साध्या सिमेंटला कमीतकमी सात आणि पीपीसीला, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटला, दहा दिवस, आणि आपल्याकडं दुकानात मिळतं ते बहुतेक पीपीसीच. बीमचे टेकू कधी काढायचे, सहा मीटरपर्यंतच्या बीमला १४ दिवस, त्याच्या पुढं २१. ह्या सगळ्या गोष्टी शिकायला कॉलेज लागत नाही. पंधरा दिवसांत हुशार गवंडी तोंडपाठ करील. पण त्याला कोणी सांगितलेलंच नाही, आणि ज्याला माहीत आहे त्याला त्याचा एक रुपया जास्त मिळत नाही.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो, मी गवंड्यांना नावं ठेवत नाहीये. आमच्या भागातले जुने मिस्त्री बघा. ओळंबा, गुण्या, दोरी आणि पाण्याची नळी एवढ्यावर दोन मजल्याची भिंत अशी सरळ चढवतात की लेझर लेव्हल लावून बघितलं तरी फरक सापडत नाही. दगड फोडून, घडवून काळ्या पाषाणाची जोती बांधणारी माणसं आपल्याकडं होती, वाईचे घाट बघा, साताऱ्यातले जुने वाडे बघा. हे हात शाळेत घडले नाहीत. आधी घमेलं, मग माल कालवणं, मग कोपरा धरणं, मग प्लास्टर, मग जिना, अशी आठ-दहा वर्षं मिस्त्रीच्या हाताखाली जायची. ती पद्धत चांगली होती कारण मिस्त्री जबाबदारी घ्यायचा, चुकलं तर भिंत पाडून परत बांधायला लावायचा. आता ती राहिली नाही. आता वर्षभर बिगारी केलेला पोरगा दुसऱ्या साइटवर जाऊन सांगतो मी गवंडी, आणि माणूस मिळत नाही म्हणून आम्ही ठेकेदार त्याला गवंडी म्हणून ठेवतो. माण-खटावची, आटपाडी-जतची माणसं, विजापूर-कलबुर्गीकडनं आलेली माणसं, फरशीला राजस्थानची पोरं, सळईला बिहार-बंगालची, आणि सगळी चार-सहा महिन्यांनी दुसऱ्या गावाला. कोण किती शिकलाय हे ठरवायला माझ्याकडं काही साधन नाही. दोन दिवस काम बघितल्यावरच कळतं, तोवर भिंत उभी राहिलेली असते.

मग लोक म्हणतात आयटीआय आहे की. आहे. आयटीआयमध्ये मेसन नावाचा ट्रेड आहे, एक वर्षाचा, आठवी पासवर प्रवेश. प्लंबर आहे, कारपेंटर आहे, वेल्डर आहे, पेंटर आहे. पास झालं की देशभर चालणारं राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. पण गवंड्याचा पोरगा तिथं जात नाही आणि त्याचं कारण आळस नाही. एक वर्ष तो आयटीआयत बसला तर घरातली एक हाजरी बुडते. बाहेर पडल्यावर त्याला साइटवर तोच रेट, जो कधीच शाळेत न गेलेल्याला. उलट मुकादम म्हणतो तू शाळेत शिकलास, तुला कुठं काम येतंय, पहिलं घमेलं उचल. मग तो पोरगा म्हणतो त्यापेक्षा इलेक्ट्रिशियन करतो, निदान कंपनीत लागेन, शिरवळच्या एमआयडीसीत जाईन. आणि अजून एक, हे कोणी लिहीत नाही पण गावात सगळ्यांना माहीत आहे, गवंडी म्हटलं की पोरगी द्यायला लोक मागंपुढं बघतात, कंपनीत हेल्पर म्हटलं तरी चालतं. गवंड्याची हाजरी आज हजाराच्या आसपास गेलीय, महिन्याला तो त्या हेल्परपेक्षा जास्त कमावतो. पण त्याच्याकडं दाखवायला काही नसतं, ना नेमणुकीचं पत्र, ना पगाराची स्लिप, ना सर्टिफिकेट. बँक कर्ज देत नाही. किमान वेतनाच्या यादीत कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा पायऱ्या आहेत, पण कोण कुशल हे ठरवणारी परीक्षा नाही, ते मुकादमाच्या तोंडावर.

अनुभवी कामगाराला आहे त्या कौशल्याचं प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारनं केलेली आहे, हेही खरं. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ मध्ये सुरू झाली त्यात आरपीएल म्हणून प्रकार आहे, म्हणजे तुम्ही आधी काम करून जे शिकलात त्याला मान्यता. कल्पना मला मनापासून पटली होती. आमच्याकडची बरीच माणसं एका अशा शिबिराला मीच पाठवली. हॉलमध्ये खुर्च्या, प्रोजेक्टर, टोपी आणि टी-शर्ट, दुपारी जेवण, फोटो, बायोमेट्रिक. परीक्षा म्हणजे टॅबवर प्रश्न, आणि उत्तरं कुठली दाबायची ते मागनं सांगत होते. एकाही माणसाच्या हातात थापी दिली नाही, एक वीट लावायला सांगितली नाही, एक रिंग वाकवून घेतली नाही. जो आयुष्यभर प्लास्टर करतोय आणि जो सहा महिने बिगारी करतोय, दोघांना तेच प्रमाणपत्र. आमच्याकडचे नाना, साठीला आलेले, असे जिने बांधणारा माणूस आता मिळणार नाही, ते परत येऊन मला म्हणाले, "आण्णा, तीन हाजऱ्या बुडल्या, आणि मला येतं का येत नाही हे काय त्यांनी बघितलंच नाही." त्यांना हाजरीपेक्षा दुसऱ्या गोष्टीचं जास्त वाईट वाटलं होतं. सगळीच शिबिरं अशी असतील असं मी म्हणत नाही, चांगली घेणारेही असतील, पण साइटवर अशा सर्टिफिकेटला किंमत का नाही याचं कारण हेच आहे.

सप्टेंबर २०२३ पासून पीएम विश्वकर्मा आली. त्यात १८ व्यवसायांत गवंडी आहे, पाच ते सात दिवसांचं प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत, कमी व्याजानं कर्ज. भत्ता दिला ही गोष्ट चांगली केली, यात पहिल्यांदा कोणीतरी हाजरीचा विचार केला. पण ५०० म्हणजे गवंड्याची अर्धी हाजरी. आणि सळई बांधणारा, सेंट्रिंगवाला, फरशीवाला, प्लंबर त्या यादीत नाहीतच, कारण ती योजना परंपरागत कारागिरांसाठी आहे. आजच्या घरात सगळ्यात धोक्याचं काम सळई आणि सेंट्रिंगचं, आणि नेमकी तीच दोन माणसं यादीबाहेर.

मला सगळ्यात आवडलेली योजना मात्र फारशी कोणाला माहीतच नाही. घरकुलासाठी प्रधानमंत्री आवास ग्रामीणमध्ये ग्रामीण गवंडी प्रशिक्षण आहे, ४५ दिवसांचं, आणि ते खऱ्या घरकुलावरच चालतं, म्हणजे शिकता शिकता एका गरीब माणसाचं घर उभं राहतं आणि शेवटी परीक्षा होते. शिकवायची पद्धत हीच पाहिजे. आपल्या जिल्ह्यात हे नवीन वाटायचं कारण नाही. कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांनी १९१९ साली इथंच कराडजवळ काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि कमवा आणि शिका हे पोरांना करून दाखवलं, राबणाऱ्याच्या पोरानं राबणं न सोडता शिकावं म्हणून. गवंड्याला वर्गात बसवून हे होणार नाही, कामावरच व्हायला पाहिजे.

आता पैशाचं. पैसे नाहीत असं कोणी सांगू नये. १९९६ च्या कायद्यानं बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर सुरू झाला, स्वतःला राहायला बांधलेलं ठराविक रकमेपर्यंतचं घर सोडून. म्हणजे एक कोटीचं बांधकाम झालं तर त्यातले एक लाख त्या कामगारांच्या नावानं जमा होतात. आम्ही भरतो, बांधकाम परवानगीच्या वेळीच भरतो. हा पैसा कामगाराचा आहे. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला दिला की १८ ते ६० वयाच्या कामगाराची मंडळाकडं नोंदणी होते आणि मग त्याला मुलांची शिष्यवृत्ती, आजारपणाची मदत, सेफ्टी किट, भांड्यांचा संच असं मिळतं. भांडी वाटपाच्या दिवशी रांगा बघा, पहाटेपासून बायामाणसं पोरं कडेवर घेऊन उभी असतात. त्यांना भांडी मिळू नयेत असं मी कधीच म्हणणार नाही, शिष्यवृत्तीनं तर आमच्याकडच्या कामगारांची पोरं खरोखर शिकली आहेत. पण त्याच पैशातनं एका गवंड्याला दहा दिवसांची पूर्ण हाजरी देऊन त्याची परीक्षा घेतली आणि त्याचा रेट रोजचा शंभर रुपयांनी वाढला तर ते त्याला आयुष्यभर पुरेल, आणि कुकर-पातेली तो स्वतः विकत घेईल. नोंदणीच्या कार्डावर तो कुठल्या कामात किती तयार आहे हेही लिहिलेलं असावं, नुसतं बांधकाम कामगार असं नको.

बायकांबद्दल वेगळं लिहायलाच पाहिजे. आमच्या साइटवर निम्म्या तरी बाया असतात. वीस-पंचवीस वर्षं काम केलेल्या मावशी आहेत, मालात पाणी कमी की जास्त हे लांबनं बघून सांगतात, वीट भिजली का नाही हे हातात धरून सांगतात, पण त्यांच्या हातात थापी कधी कोणी दिली नाही. गडी बिगारी दहा वर्षांत गवंडी होतो, बाई बिगारी म्हातारी होईपर्यंत बिगारीच राहते आणि तिची हाजरी गड्याच्या बिगारीपेक्षाही कमी. झारखंडमध्ये स्वच्छ भारतच्या वेळी बायकांना गवंडीकाम शिकवलं, राणी मिस्त्री म्हणतात त्यांना, त्यांनी गावोगावी संडास बांधले. आपल्याकडं बचत गटांचं एवढं मोठं जाळं आहे, मग आपल्याकडं का नाही? निदान प्लास्टर, फरशी, टाइल्सचे सांधे भरणं, वॉटरप्रूफिंग, रंगकाम या कामांत तरी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना कारागीर म्हणून रेट द्या. माझ्या साइटवर एक जण आता बाथरूमच्या टाइल्स बसवते, बघून बघून शिकली, आणि तिच्या कामात मला आजपर्यंत पोकळ टाइल सापडली नाही. तिला मी पूर्ण कारागिराची हाजरी देतो. पण ती माझ्याकडनं दुसरीकडं गेली तर परत तिच्या डोक्यावर घमेलंच येणार, कारण तिच्याकडं कागद नाही.

बाहेरच्या देशात कसं चालतं हे वाचताना एक गोष्ट लक्षात आली. इंग्लंडमध्ये बांधकामावर सीएससीएस नावाचं कार्ड चालतं, मजुराचं हिरवं, कारागिराचं निळं, त्याच्या वरच्याचं सोनेरी. कायद्यानं त्याची सक्ती नाही, पण मोठे कॉन्ट्रॅक्टर कार्डाशिवाय गेटच्या आत घेत नाहीत म्हणून सगळे काढतात. आणि निळ्या कार्डाला जी पात्रता लागते ती अनुभवी माणसाला त्याच्या साइटवरच मिळवता येते, परीक्षक येतो, काम चालू असताना बघतो, प्रश्न विचारतो. जर्मनीत गवंडी व्हायला तीन वर्षं लागतात, काही दिवस शाळा, बाकी काम, आणि पहिल्या महिन्यापासून पैसे. तिथं स्वतःचा धंदा काढायचा तर त्याच्यावर मास्टरची परीक्षा. २००४ साली त्यांनी ती मास्टरची अट फरशीवाल्यांसकट बऱ्याच धंद्यांवरनं काढून टाकली, एकट्यादुकट्याचे धंदे भराभर वाढले पण नवीन पोरांना शिकवणारे कमी झाले, शेवटी २०२० मध्ये फरशीवाल्यांसह १२ धंद्यांना परत लावली. आपल्या राज्यानं त्याच जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केलाय. इस्रायलला माणसं पाठवताना सेंट्रिंग, सळई, प्लास्टर आणि फरशी या चार कामांच्या प्रत्यक्ष परीक्षा आपल्याच देशात घेतल्या गेल्या. म्हणजे परदेशी माणसाच्या घरासाठी आपण आपल्या गवंड्याची हातानं परीक्षा घेऊ शकतो, आणि पाटणच्या शाळेच्या खोलीसाठी घेत नाही. हे मला पटत नाही.

सुरुवात सरकारी कामापासनं करावी, खासगी घरांना लगेच सक्ती नको. जिल्हा परिषदेची, बांधकाम खात्याची लहान कामं आपल्याकडं मजूर सहकारी संस्थांना आणि सुशिक्षित बेरोजगार इंजिनिअरना राखून ठेवलेली असतात. चांगली सोय आहे. त्याच टेंडरमध्ये एक ओळ घाला, की या कामावर निदान एक परीक्षा पास गवंडी आणि एक परीक्षा पास सळईवाला रोज हजर असेल, आणि त्यांचा रेट अंदाजपत्रकात वेगळा धरलेला असेल. हा रेट धरणं सगळ्यात महत्त्वाचं आहे, नाहीतर ठेकेदार कुठलं तरी कार्ड भाड्यानं आणून फाइलला लावील. हे मी ठेकेदार असून लिहितोय, वायरमनच्या परमिटचं काही ठिकाणी काय होतं ते आम्हाला माहीत आहे. म्हणून हजेरी कामावर, मस्टरवर, फोटोसकट पाहिजे.

परीक्षा कशी असावी तेही सांगतो. लेखी नको, अर्ध्या लोकांना लिहायची सवय नाही आणि त्यावरनं कोणाला नापास करणं बरोबर नाही. तोंडी विचारा, मराठीत, हिंदीत, कन्नडमध्ये. गवंड्याला नऊ इंची भिंतीचा कोपरा तीन-चार फूट चढवायला लावा, ओळंब्यात बघा, सांध्यात माल भरलाय का बघा, खिडकीखाली वीट कशी कापतो ते बघा. सळईवाल्याला एका कॉलमचा नकाशा द्या, त्याला त्यातनं सळया मोजू द्या, रिंगा वाकवू द्या, कव्हर ब्लॉक लावू द्या, जोड कुठं द्यायचा विचारा. सेंट्रिंगवाल्याला टेकू, लेव्हल आणि प्लेटा. मग एखाद्या खऱ्या स्लॅबच्या दिवशी परीक्षक दिवसभर साइटवर उभा राहू दे, बेल्ट कोण लावतोय, परांची बांधलेली आहे का ते पण बघू दे. जो कमी पडेल त्याला काय कमी पडलं ते सांगून तीन महिन्यांनी परत बोलवा. परीक्षक म्हणून नुसते इंजिनिअर नकोत, बरोबर एक जुना मिस्त्री असायलाच पाहिजे आणि त्यालाही मानधन द्या. आयटीआयमध्ये पण अशा मिस्त्र्यांना तासावर शिकवायला बोलवा, डिग्री नाही म्हणून अडवू नका.

काही ठेकेदार मित्र म्हणतील की आधीच माणूस मिळत नाही, त्यात हे नवीन लफडं कशाला, रेट वाढतील. वाढतील थोडे. पण स्लॅब गळला, प्लास्टर फुगलं, टाइल पोकळ निघाली म्हणून परत करायला जातं ते कोणाच्या खिशातनं जातं हे त्यांनी स्वतःच मोजून बघावं. आणि गवंड्याला चांगला रेट आणि दाखवायला कार्ड मिळालं तर गावातली पोरं परत या कामाकडं येतील, निदान थोडी तरी.

आमच्या जिल्ह्याच्या पालकमंत्र्यांनी, जिल्हाधिकाऱ्यांनी, कामगार आयुक्तांच्या इथल्या कार्यालयानं आणि कराड-साताऱ्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनांनी यावर एकदा एकत्र बसावं आणि मंडळाकडं तसा प्रस्ताव पाठवावा अशी माझी विनंती आहे. पाटण आणि कराड या दोन तालुक्यांपासून सुरुवात करा, भूकंपाचा भाग म्हणून. जागेची अडचण असेल तर माझ्या चालू साइटवर परीक्षा घ्या, विटा, वाळू, सिमेंट, सळई माझ्याकडनं, आणि माझ्याकडच्या सगळ्या माणसांची त्या दिवसांची हाजरी मी कापणार नाही. यात गणपतीनंतर दिवाळीपर्यंतचे दिवस बरे पडतील, पाऊस ओसरलेला असतो आणि माणसं अजून गावाला गेलेली नसतात.

आपला,
एक बांधकाम ठेकेदार
कराड, जि. सातारा